देणगी, खुर्ची आणि खेळाडू

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. तो आता कऱ्हाडजवळच्या एका माध्यमिक शाळेतून निवृत्त होण्याच्या बेतात आहे. विद्यार्थिदशेत आपल्या शिबिरांना नियमाने येत असे. त्याचा मुलगा व्हॉलीबॉलचा चांगला खेळाडू. बँकेचे कर्ज काढून तो दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत क्रीडा-व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेण्यास गेला आणि आता तेथल्याच एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात त्याला नोकरी मिळत आहे. नोकरी 'विकास' खात्यातील. बापाने विचारले आहे: "सर, मुलगा म्हणतो की माझे काम देणगीदार शोधण्याचे आणि विभागाचा महसूल वाढविण्याचे आहे. खेळाच्या खात्यात पैसे मागण्याची नोकरी असते, हे मी आयुष्यात प्रथमच ऐकले. ही नोकरी आहे तरी कशाची? आणि आपल्यासारख्याने मुलाला ती कर म्हणावे की नको म्हणावे?"

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर देऊ लागलो तेव्हा ध्यानात आले की विद्यापीठ ही संस्था कोणासाठी असते, देणगी कशाला म्हणावे आणि श्रम करणाऱ्याला श्रमिक म्हणायचे कोणी ठरवायचे, हे तिन्ही प्रश्न त्याच्या पोटात आहेत. म्हणून खाजगी पत्रातील उत्तर थोडे विस्ताराने येथे मांडत आहे.

अमेरिकेतील विद्यापीठीय खेळांचा आणि धंद्याचा संबंध अलीकडचा नाही. तेथील पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणजे १८५२ साली हार्वर्ड आणि येल यांच्यात न्यू हॅम्पशायरमधील एका सरोवरावर झालेली नौकांची शर्यत. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता. त्या सरोवराकडे जाणाऱ्या गाडीला प्रवासी मिळावेत हा तिचा हेतू होता. पुढे फुटबॉल आला. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. अंगावर चिलखत चढवून एकमेकांवर आदळण्याचा त्यांचा खेळ. त्यातील मृत्यूंनी गदारोळ उठला तेव्हा १९०६ साली महाविद्यालयांनी एक राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तीच आजची एनसीएए. १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानाने प्रदीर्घ चौकशी करून या खेळांचे धंदेवाईक रूप उघड केले. अहवालाची चर्चा झाली. स्टेडियमे मात्र वाढतच गेली.

मंदीच्या काळात, १९३४ साली, दक्षिण कॅरोलिनातील क्लेमसन येथे एक मंडळ निघाले. त्याच्या नावाचा सरळ अर्थ 'मी वर्षाला दहा देतो' असा होता. दहा डॉलर द्यावेत आणि संघाला हातभार लावावा, एवढीच कल्पना. नव्वद वर्षांत अशा मंडळांचे एक शास्त्र झाले आणि त्या शास्त्रात निष्णात असा एक पेशा उभा राहिला. ओहायो विद्यापीठाने १९६६ साली क्रीडा-प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. आज असे अभ्यासक्रम देशभर आहेत. त्यांतून बाहेर पडणारा तरुण बहुधा तिकीटविक्रीच्या दूरध्वनीपासून सुरुवात करतो, मग लहान देणग्यांकडे, मग मोठ्या देणगीदारांकडे, आणि नशीब उघडले तर क्रीडा संचालकाच्या खुर्चीपर्यंत जातो. काही ठिकाणी तर 'प्रमुख महसूल अधिकारी' असे पदच आहे. विद्यापीठात कुलगुरू असतो, कुलसचिव असतो, ग्रंथपाल असतो; महसूल अधिकारी हा शब्द आपण तहसील कचेरीत ऐकला होता.

या पेशाचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक देणगीदाराच्या नावे गुण मांडले जातात. किती वर्षे दिले, किती दिले, यावर गुण. आणि गुणांवर स्टेडियममधील खुर्ची, गाडी उभी करण्याची जागा, परगावच्या सामन्याची तिकिटे ठरतात. चांगली खुर्ची हवी असेल तर तिकिटाची किंमत वेगळी आणि ते तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळावा म्हणून द्यावयाची 'देणगी' वेगळी. त्याच्या वर काचबंद कक्ष; त्याच्याही वर इमारतींना नावे. स्टॅनफर्डमध्ये फुटबॉल प्रशिक्षकाच्या पदालाच देणगीदाराचे नाव जोडलेले आहे. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव कोरतात; तेथे पुजाऱ्याच्या पदाला नाव दिले आहे, एवढाच फरक.

आता अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी विचारतो: ज्याच्या बदल्यात खुर्ची मिळते ती देणगी, की किंमत? उत्तर उघड आहे. पण अमेरिकेच्या करकायद्याने १९८० नंतरच्या दशकात ठरविले की अशा रकमेचा ८० टक्के भाग धर्मादाय मानून त्यावर करवजावट द्यावी. ही सवलत २०१७ च्या कायद्याने रद्द झाली, तोवर सुमारे तीस वर्षे चालू होती. समजा, एखाद्या श्रीमंत गृहस्थाने अशी १०,००० डॉलरची देणगी दिली आणि तो ३५ टक्के कराच्या पायरीवर आहे. त्याला ८,००० डॉलरवर वजावट मिळणार, म्हणजे २,८०० डॉलर कर वाचणार. त्याच्या खुर्चीच्या किमतीचा चौथाईहून अधिक हिस्सा सरकारी तिजोरीने दिला. ज्या मोलकरणीने किंवा मालमोटारचालकाने ते स्टेडियम आतून कधी पाहिलेही नसेल, त्यांच्या करातून दिला. समाजवादी व्यवस्थेत सवलती फार असतात, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

मोठ्या दात्यांचे प्रकरण याहून बोधप्रद आहे. २००६ च्या सुमारास ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला बून पिकन्स या तेल-उद्योगपतीने १६ कोटी ५० लाख डॉलर दिले. ही रक्कम लगेच पिकन्स यांच्याच गुंतवणूक-निधीत गुंतविण्यात आली आणि २००८ च्या कोसळीत त्या निधीला मोठा फटका बसला. हे सर्व कायद्याला धरून झाले. दात्याच्या हेतूविषयी मी शंका घेत नाही. आपल्या विद्यापीठावर त्यांचे खरोखर प्रेम होते. पण सार्वजनिक विद्यापीठाचे भवितव्य एका व्यक्तीच्या सट्टा-बाजारातील अंदाजावर टांगले जाते, ही व्यवस्था दात्याच्या चांगुलपणामुळे निर्दोष ठरत नाही.

देणगीपेक्षाही मोठा ओघ दूरचित्रवाणीचा. फुटबॉल सामन्यांच्या प्रक्षेपणाचे नियंत्रण पूर्वी राष्ट्रीय संघटनेकडे होते. १९८४ साली ओक्लाहोमा विद्यापीठाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारे ठरविले आणि ज्याने त्याने आपापला सौदा करण्याची वाट मोकळी झाली. बास्केटबॉलच्या वार्षिक स्पर्धेचा करार २०१६ साली आणखी आठ वर्षांसाठी, २०३२ पर्यंत, वाढविला गेला, तो ८८० कोटी डॉलरला. 'बिग टेन' या विद्यापीठ-गटाने २०२२ साली सात वर्षांचा करार केला, तो ७०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा. या पैशाच्या ओढीने प्रशांत महासागराच्या काठचा शतकाहून जुना विद्यापीठ-गट २०२३ साली मोडला. त्यातील बारांपैकी दहा सभासद निघून गेले, आणि २०२४ पासून कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे 'अटलांटिक किनारा' नावाच्या गटात खेळू लागली. सामन्यासाठी खंड ओलांडून जाणाऱ्या मुलांनी अभ्यास कधी करायचा, हा प्रश्न करारातील कोणत्याच कलमात बसत नव्हता.

एवढा पैसा येतो तर विद्यापीठे श्रीमंत होत असतील, असे वाटेल. तसे होत नाही. खुद्द संघटनेच्याच २०१९ सालच्या माहितीनुसार सुमारे ११०० सभासद संस्थांपैकी क्रीडा विभागाचे स्वतःचे उत्पन्न खर्चाहून अधिक असणाऱ्या संस्था पंचवीसच्या आसपास होत्या. बाकीच्यांची तूट विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि कित्येक ठिकाणी प्रत्येक विद्यार्थ्याकडून सक्तीने घेतलेल्या क्रीडा-शुल्कातून भरली जाते. ज्या विद्यापीठांत असे शुल्क आहे तेथे आपल्याकडून कर्ज काढून गेलेली मुलेही ते भरतात. सामना पाहोत वा न पाहोत.

याचे कारण हॉवर्ड बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८० साली उच्च शिक्षणाच्या खर्चाविषयी लिहिताना सांगून ठेवले आहे. प्रतिष्ठेच्या मागे लागलेली संस्था मिळेल तेवढा पैसा गोळा करते आणि गोळा केलेला सर्व खर्च करते. तिच्या खर्चाची मर्यादा गरज ठरवीत नाही, महसूल ठरवितो. क्रीडा विभागाला भागधारक नाहीत, म्हणून नफा वाटता येत नाही. आणि खेळाडूला वेतन द्यायचे नाही, असा सर्व संस्थांनी मिळून नियम केलेला. मग पैसा जाणार कोठे? तो प्रशिक्षकांच्या पगारात, संगमरवरी सरावगृहांत आणि महसूल वाढविणाऱ्या अधिकाऱ्यांच्या ताफ्यात जातो. अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांत सर्वांत अधिक पगार घेणारा सार्वजनिक नोकर हा राज्यपाल नसून विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. २०२३ च्या नोव्हेंबरात टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी काढले तेव्हा करारानुसार साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्याला देय झाली. सहाशे कोटी रुपयांहून अधिक, आणि ती काम न करण्याबद्दल!

आता ज्याच्या अंगमेहनतीवर हा डोलारा उभा आहे त्याच्याकडे वळू. कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली एका जखमी विद्यापीठीय फुटबॉलपटूला कामगार-नुकसानभरपाई मान्य केली होती. १९५५ साली त्याच राज्यात दुसऱ्या महाविद्यालयाचा एक खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली. १९५७ साली तेच न्यायालय म्हणाले की तो नोकर नव्हता. याच वर्षांत एनसीएएने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ केला. संघटनेचे त्या काळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर १९९५ साली लिहिलेल्या पुस्तकात, खेळाडूंना नोकर ठरविले जाण्याच्या भीतीपोटी हा शब्द घडविला, अशी कबुली दिली आहे. एका शब्दाने किती कुटुंबांची भरपाई बुडाली असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. १९७३ साली संघटनेने चार वर्षांच्या क्रीडा-शिष्यवृत्तीऐवजी दरवर्षी नूतनीकरण होणारी शिष्यवृत्ती आणली. मुंबईच्या गिरण्यांतला बदली कामगार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या बदलाचा अर्थ वेगळा सांगायला नको. दुखापत झाली किंवा नव्या प्रशिक्षकाला खेळ आवडला नाही, तर पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळेलच असे त्या काळी नसे. आणि पैसा आणणाऱ्या या दोन खेळांतील खेळाडूंत मोठा भाग कृष्णवर्णीय तरुणांचा आहे, हेही विसरून चालणार नाही.

या तरुणांनी लढा दिला, ही समाधानाची गोष्ट. २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी युनियनसाठी अर्ज केला. कामगार मंडळाच्या प्रादेशिक संचालकांनी ते नोकर असल्याचा निर्णय दिला, पण २०१५ साली वरच्या मंडळाने अधिकारक्षेत्र नाकारून तो गुंडाळला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन दाव्यात संघटनेचे शिक्षणविषयक लाभांवरील निर्बंध एकमताने अवैध ठरविले. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी जाहिरातीसाठी वापरू देऊन पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. २०२४ च्या मार्चमध्ये डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला. वर्षअखेर प्रतिकूल राजकीय वारे पाहून तो अर्ज मागे घेण्यात आला. शेवटी ६ जून २०२५ रोजी 'हाउस' दाव्यातील तडजोड न्यायालयाने मंजूर केली. मागील वर्षांबद्दल सुमारे २८० कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचे आणि यापुढे विद्यापीठाने खेळाडूंना थेट पैसे देण्यास हरकत नाही; मात्र पहिल्या वर्षी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

ही मर्यादा मोठ्या विद्यापीठांच्या ठराविक उत्पन्नाच्या सरासरीच्या २२ टक्के धरून काढली आहे. ज्या धंदेवाईक खेळांत खेळाडूंच्या युनियन आहेत तेथे त्यांना उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास वाटा मिळतो. २२ आणि ५० यांच्यातील अंतर हे युनियन नसण्याची किंमत आहे. शिवाय पैसे मिळू लागले तरी नोकर हा दर्जा या तडजोडीने दिलेला नाही. दर्जा नाही म्हणजे सामुदायिक वाटाघाटीचा हक्क नाही, आणि दुखापतीच्या भरपाईचा जुना प्रश्न जेथे होता तेथेच आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. फुटबॉलच्या पैशावर पोहणे, कुस्ती, धावणे असे कित्येक खेळ जगतात. १९७२ च्या 'टायटल नाइन' या कायद्याने मुलींना समान संधी देणे बंधनकारक केले. त्यामुळे लक्षावधी मुली मैदानावर आल्या, आणि त्याचाही खर्च याच तिजोरीतून होतो. गरीब वस्तीतील मुलाला पदवीचे दार खेळामुळे उघडते, हेही खोटे नाही. निधी गोळा करणारा माणूस या सर्वांसाठी झटतो, आणि त्यांतील अनेकजण मनापासून झटतात. पण प्रश्न असा, की कात्री लागते तेव्हा कोणाला लागते? तडजोडीची चाहूल लागताच २०२५ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील कॅल पॉलीने पोहण्याचे संघ बंद केले. जे खेळ जगविण्यासाठी पैसा हवा असे सांगितले जात होते, त्यांवरच पहिला घाव बसला. महसूल हा निकष एकदा मान्य केला की महसूल न देणारे सर्व काही आश्रित ठरते.

यापेक्षा वेगळे करता येत नाही, असेही नाही. शिकागो विद्यापीठ बिग टेन गटाच्या संस्थापकांपैकी एक. त्याचा फुटबॉल संघ एके काळी देशात गाजला होता. १९३९ साली रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकिर्दीत विद्यापीठाने तो खेळ बंद केला. रिकाम्या पडलेल्या त्याच स्टेडियमच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी अणूची पहिली नियंत्रित साखळी-प्रक्रिया घडविण्यात आली. त्या शोधाचे पुढे जे झाले त्याविषयी आपली मते तीव्र आहेत. परंतु फुटबॉल सोडल्याने विद्यापीठ खुजे झाले नाही, एवढे तरी त्यावरून दिसते. पुढे १९६९ साली तेथे फुटबॉल परत आला. पण विद्यार्थ्यांचा खेळ म्हणून, साध्या पातळीवर.

आपल्याकडे हे संकट नाही, असे म्हणून निश्चिंत होण्याचे कारण नाही. विद्यापीठीय कबड्डीचे हक्क विकत घ्यायला अजून कोणी रांग लावलेली नाही, हे खरे. पण 'देणगी' या शब्दाचा प्रवास आपणही पाहिला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या आयाबायांनी मूठमूठ धान्य बाजूला काढले. मुष्टिफंड देणारीला बदल्यात काही मिळत नव्हते. आणि त्या धान्यावर कोण जेवते, त्याची जात कोणती, हे विचारण्याचा तिला हक्कही नव्हता. १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचा काळ आला आणि देणगी म्हणजे प्रवेशाची किंमत, असा त्या शब्दाचा अर्थ शाळकरी मुलांनाही पाठ झाला. २०१३ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांच्या सामाजिक खर्चात खेळांच्या प्रशिक्षणालाही स्थान दिले आहे; ते स्वागतार्हच आहे. मात्र कंपनीच्या मेहेरबानीवर संघ उभा राहणार असेल, तर तो कोणत्या खेळाचा, कोणत्या गावचा आणि मुलींचा की मुलांचा, हे कोण ठरविणार, याचा विचार आताच झाला पाहिजे.

मी काही वर्षे आमच्या महाविद्यालयाच्या जिमखाना समितीवर होतो. संघ एस. टी.ने जायचा, मुले स्टँडवरच्या कँटीनमध्ये मिसळ खाऊन सामना खेळायची. एका वर्षी एका कापड व्यापाऱ्याने खो-खोच्या संघाला गणवेश दिले आणि महिन्याभराने पुतण्याच्या प्रवेशासाठी चिठ्ठी पाठविली. पुतण्याला गुण कमी होते. मी गणवेशांची किंमत काढून ती जिमखान्याच्या फीतून परत करावी असे सुचविले, तेव्हा समजले की त्या वर्षीची जिमखाना फी दुसऱ्याच कामाला खर्च झाली आहे. तेव्हा समितीतल्या आम्ही चौघांनी पदरचे घालून रक्कम पुरी केली. त्यात काही शौर्य नव्हते. फीचा हिशेब वर्षाच्या सुरुवातीला मागितला असता तर ती वेळ आली नसती. दोष आमचाही होता.

तर माझ्या विद्यार्थ्याला मी काय लिहिले? लिहिले की मुलाला परत बोलावू नकोस. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि पैसे मागणे हे हलके काम नव्हे. गांधीजींनी, साने गुरुजींनी, कर्मवीरांनी तेच केले. पण त्याला तीन गोष्टी विचारायला सांग. आपण आणलेल्या डॉलरमधील किती खेळाडूच्या उपचाराला, विम्याला आणि शिक्षणाला जातात? देणाऱ्याला आपण खुर्ची विकतो आहोत की एखादे काम सोपवितो आहोत? आणि खेळाडूंनी युनियनचा अर्ज केला, तर आपण कोणत्या बाजूला उभे राहणार? पहिल्या दोहोंची उत्तरे त्याला कागदांत सापडतील. तिसऱ्याचे उत्तर त्याने नोकरी स्वीकारण्यापूर्वी स्वतःशी ठरवावे. कारण ती वेळ आली तर विचार करायला सवड मिळत नाही.

कार्यकर्त्यांसाठी एक काम सुचवितो. आपले काही साथी विद्यापीठांच्या अधिसभेवर आहेत, पुष्कळजण महाविद्यालयांतून शिकवितात, अनेकांची मुले तेथे शिकतात. प्रत्येकाने आपापल्या महाविद्यालयात या वर्षी गोळा झालेल्या जिमखाना फीचा हिशेब लेखी मागावा: किती जमली, किती मुलांवर व किती मुलींवर खर्च झाली, जखमी खेळाडूच्या उपचाराला त्यातून किती दिले. उत्तरे आली की या साप्ताहिकाकडे पाठवावीत. मी ती एकत्र करून मांडण्याचे काम अंगावर घेतो. निवृत्त माणसाला वेळ असतो.